खेकडा आणि दोन हातोडे

पोलादपूरच्या नाक्यावर महाबळेश्वरचा घाटरस्ता जिथे फुटतो, तिथे साठ सालच्या सुमारास एक कुडाची शेड होती. तीन बाजूंना कूड आणि चौथ्या बाजूला लोंबणारं गोणपाट. दार नव्हतंच. शेड हैबती मेस्त्रीची. दार का लावत नाहीस असं कुणी विचारलं, की तो म्हणे, "दोन वर्सांचा तर सवाल हाय. कशाला लाकूड फुकट घालवा?"

हे दोन वर्षांचं पालुपद चौपन्न सालापासून चालू होतं.

दार नाही म्हटल्यावर हत्यारं शेडमध्ये ठेवायची सोय नव्हती. रोज दिवस कलला की हैबती लोखंडी पेटी खांद्यावर घेई आणि तासाभराची चढण चढून वाडीवर जाई. सकाळी तीच पेटी घेऊन खाली येई. त्याच्या आईला, ठमाबाईला, डोळ्यांनी फारसं दिसत नसे. पेटीतल्या पान्यांचा खुळखुळाट पायवाटेवर ऐकू आला की ती आतल्या सुनेला हाक मारी, "तुळसे, भाकरी थाप गो. आला बघ घुंगरांचा बैल."

तुळसा, म्हणजे हैबतीची बायको, तव्यावर हात धरून तो तापलाय का बघे आणि हसू दाबत पीठ मळायला घेई. पण तिचं स्वतःचं बोलणं याहून बोचरं असे. "पावना बी दोन दिवस राह्यला तर पिशवी खुंटीला लावतो," ती म्हणे. "तुमची ट्रंक अजून हुंबऱ्याकडं तोंड करून ठेवलीय."

ते खोटं नव्हतं.

हैबती नऊ वर्षं मुंबईत भायखळ्याच्या एका गॅरेजात होता. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेल्या दणकट पिकअप गाड्या तिथे दुरुस्तीला येत. पुढच्या मागच्या चारी चाकांनी ओढणाऱ्या, उंच, बोजड गाड्या. त्यांच्या स्टिअरिंगचं काम हैबतीच्या हातात बसलं ते उस्तादामुळे. उस्ताद म्हणजे गॅरेजचा मालक आणि मुख्य मेस्त्री. तो शिव्या देऊन शिकवी आणि शिकलं की चहा पाजी.

चौपन्न साली वडील गेले. बारा दिवस झाल्यावर तिघे भाऊ ओटीवर बसले. थोरला महिपती आणि धाकटा मुरारी दोघेही गिरणीत होते. एकाने घरी राहायलाच हवं होतं. आई होती, चार महिने पुरेल इतका भात पिकवणारी जमीन होती, आणि गावकीत घराचा माणूस उभा राहावा लागतो. महिपतीने दोघांकडे पाहिलं आणि सरळ म्हणाला, "आमचं काम मशीनपाशीच चालतं. मशीन मुंबईत, म्हंजे आमी मुंबईत. हैबती, तुज्या हातात कसब हाय. तू कुठंबी पोट भरशील."

कौतुक होतं ते. कौतुकाला नाही कसं म्हणायचं, हे हैबतीला त्या दिवशी सुचलं नाही. "दोन वर्सं राह्यतो," एवढंच तो म्हणाला.

निघताना उस्तादाने त्याला गॅरेजच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर खिळ्यांना हत्यारं टांगलेली. "काय पाहिजे ते एक उचल," तो म्हणाला. "माझ्याकडून."

आता बॉल जॉइंट म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर हैबतीने काय उचललं त्याचा अर्थ लागायचा नाही. चाक वळतं ते स्टिअरिंगच्या दांड्याने, आणि तो दांडा चाकाच्या लोखंडी हाताला जिथे जोडलेला असतो तिथे वाटीत बसवलेली एक लोखंडी गोळी असते. गोळीला खाली निमुळता दांडा. तो त्या हाताच्या भोकात जातो, खालून नट आवळतात, आणि वर्षानुवर्षांच्या चिखला-गंजाने तो असा घट्ट बसतो की नट काढला तरी जागचा हलत नाही. गोळी झिजली की चाक हलू लागतं. घाटात असं चाक म्हणजे मरण. तेव्हा जॉइंट बदलायचा. पण आधी तो निघाला पाहिजे.

काढायच्या तीन तऱ्हा. पहिली, दोन दातांची पाचर मध्ये घालून वरून घण घालायचा. जॉइंट पटकन सुटतो, पण त्याचं वरचं टोपण फाटतं आणि कधी वाटीही फुटते. दुसरी, दोन हातोडे. एक जड हातोडा भोकाच्या एका अंगाला टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने समोरून मारायचं. भोक क्षणभर हबकतं आणि दांडा सोडतं. याला दोन माणसं लागतात आणि दोघांचा एकमेकांवर भरवसा लागतो. तिसरी तऱ्हा म्हणजे स्क्रूचं एक हत्यार. दोन वाकड्या नांग्या चाकाच्या हाताला पकडतात आणि मधला स्क्रू दांड्याला खालून रेटतो. ताण पुरता बसला, की बाजूला एक हलकी टिचकी. मग गप्प उभं राहायचं. ठण्ण आवाज होतो आणि जॉइंट जसाच्या तसा हातात येतो. गॅरेजात त्याला सगळे खेकडा म्हणत.

हैबतीने खेकडा उचलला.

उस्ताद हसला. "हरामखोर, दोनच आहेत माझ्याकडे."

"मग उसना नेतो," हैबती म्हणाला. "दोन वर्सांनी आणून देतो."

"मी देतोय ना तुला कायमचा?"

"नको. उसनाच."

उस्तादाला काय कळलं ते कळलं. हैबतीच्या मनात मात्र हिशेब पक्का होता: परक्याची वस्तू घरात असली की परत द्यायला जावंच लागतं. आपल्या प्रत्येक हत्यारावर तो छिन्नीने दोन ठिपके पाडी, ती त्याची खूण. खेकड्यावर त्याने ठिपके पाडले नाहीत.

पण झालं उलटंच. पोलादपूरच्या वरच्या रानात एक कोळशाचा ठेकेदार होता. त्याच्याकडे तशाच तीन लष्करी पिकअप. सकाळी त्या कोळशाची पोती घेऊन घाट उतरत आणि परतताना वाड्यावाड्यांची माणसं, बाजार, बाळंतीण, जे असेल ते वर नेत. यष्टी त्या रस्त्यांना जात नसे. नवे बॉल जॉइंट कुठे मिळत नसत. मोडीत निघालेल्या गाडीवरचे धड जॉइंट अलगद काढून चालत्या गाडीला लावावे लागत. अलगद काढायचे म्हणजे खेकडा हवा. महाडात गॅरेजं होती, पण तिथे पाचर आणि घण यापलीकडे कुणी जात नसे. त्यामुळे परत जाण्यासाठी म्हणून आणलेल्या त्या हत्याराने हैबतीला नाक्यावर असं जखडून टाकलं, की दोनाची चार झाली आणि चाराची सहा.

"मेस्त्री, तुमी गेलात तर मी बी गाडी सोडीन," भिकू ड्रायव्हर म्हणे. "महाडच्या माणसानं जोडलेलं चाक घेऊन मी घाट उतरायचा नाय. माजी बायको अजून नवी हाय."

"सात वर्सं झाली की रे लग्नाला!"

"म्हंजे नवीच. दोन दिसाआड तर मी घरी असतो."

साठ सालच्या भाद्रपदात दोन गोष्टी एकदम घडल्या. मुरारी खोकला घेऊन मुंबईहून घरी आला, डॉक्टरने गावची हवा सांगितली म्हणून. आणि उस्तादाचं पत्र आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, खाली त्याची वाकडी सही. डोळे अधू झालेत, गॅरेज सांभाळणारा हेड मेस्त्री हवा, डिसेंबरच्या एक तारखेपर्यंत तुझी वाट बघतो, नंतर दुसरा माणूस घेईन.

हैबतीने पत्र तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. त्या दिवशी चढण चढताना त्याला पेटीचं ओझं लागलं नाही.

महिपतीला मुंबईला पत्र गेलं. उत्तर आलं ते रोखठोक होतं. मुरारी घरी राहणार असेल तर हैबतीने खुशाल यावं. पण शेड बंद पडता कामा नये, घर तिच्यावर चालतं. मुरारीला काम शिकव. दिवाळीला मी येतो, माझ्या डोळ्यांदेखत त्याने एक जॉइंट काढून दाखवला, की तू मोकळा.

म्हणजे हैबतीचं सगळं मुरारीच्या हातांवर येऊन ठेपलं.

मुरारी सव्वीसचा, अजून लग्न व्हायचं होतं, बोलायला गोड. महिनाभरात त्याचा खोकला गेला. शेडमध्ये हैबती सांगेल ते तो करी, पण सांगेल तेवढंच. हैबती जीव तोडून शिकवत होता. "नट पुरता काढायचा नाय. दोन आटे ठेवायचे, म्हंजे दांड्याचं तोंड बिघडत नाय. मारायचं ते भोकाच्या अंगाला, दांड्यावर कधीच नाय. तापवायचं तर मुळीच नाय. आनि घाई नाय. ताण देऊन उभं राह्यचं. लोखंड आपलं आपन सुटतं."

भाकरी घेऊन आलेली तुळसा गोणपाटापाशी ऐकत उभी होती. "जात्याच्या खुंट्यावानी की," ती म्हणाली. "पावसाळ्यात फुगून बसला की वरून मारून भागत नाय. आनिकच रुततो. बाजूनं दगडाला मारावं लागतं."

"ऐक," हैबती मुरारीला म्हणाला. "तुजी वहिनी शिकली आनि तू नाय."

मुरारी हसला. "वहिनीलाच बसव मग शेडात."

आश्विन सरता सरता हैबती ग्रीस आणायला महाडला गेला. काम लवकर आटपलं आणि एका ट्रकवाल्याने त्याला दुपारीच नाक्याच्या अलीकडे सोडलं. शेडमागे मोडीत काढलेली एक पिकअप उभी असे, सुट्या भागांसाठी. तिकडून ठण्ण असा आवाज आला. हैबती वडाच्या आडच थांबला. मुरारी एकटा होता. त्याने मोडक्या गाडीच्या झिजलेल्या जॉइंटला खेकडा लावला होता आणि तो सुटलेला जॉइंट हातात घेऊन बघत होता. मग त्याने तो परत बसवला, नट आवळला, पुन्हा दोन आटे सैल केला. खेकडा लावला, स्क्रू आवळला, एक टिचकी मारली, हात मागे घेऊन उभा राहिला. शीळ वाजवत. पुन्हा ठण्ण. त्यात घाई नव्हती, जोर नव्हता. हैबतीला स्वतःचे विशीतले हात दिसले.

मग मुरारीने सगळं पुसून होतं तिथे ठेवलं.

हैबती वडाआडून मागे फिरला आणि नदीवर जाऊन पाय बुडवून बसला. पोराला आपल्याला चकित करायचंय, त्याला वाटलं. करू दे. संध्याकाळी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टपालात उस्तादाला पत्र टाकलं: एक तारखेच्या आत येतो, खेकडा घेऊन येतो.

घरी त्याने ट्रंक उघडून आतले कपडे उन्हात घातले. तुळसा बघत राहिली. तिला आणि आईला सहा महिन्यांनी खोली बघून नेईन, असं तो म्हणाला होता. ठमाबाई म्हणाली होती, "मी कुठं येत नाय. मला माजा मुरारी बास." तुळसाने ते कपडे झटकून नीट पसरले, इतकंच.

दिवाळीला महिपती आला. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे भाऊ खाली उतरले. भिकूची गाडी शेडपुढे उभी होती, डावं पुढचं चाक जॅकवर. तिचा जॉइंट झिजला होता. त्या जागी लावायला मोडक्या गाडीवर एकच धड जॉइंट उरला होता, डाव्या अंगाचा शेवटचा. तो न बिघडता काढायचा होता. भिकू, महिपती आणि दोन बघे असे कोंडाळं करून उभे राहिले.

हैबतीने जमिनीवर गोणपाट पसरून हत्यारं ओळीने मांडली. पाचर, घण, दोन हातोडे, खेकडा. "तूच निवड," तो म्हणाला आणि मागे सरला.

मुरारी वाकला. त्याचा हात सरळ खेकड्याकडे गेला.

मग तो हात थबकला. खेकड्याच्या वर, चार बोटांवर. मुरारीने एकदा मान वर करून महिपतीकडे पाहिलं, घाटरस्त्याकडे पाहिलं, आणि हात बाजूला नेऊन घण उचलला.

"अरे..." भिकू म्हणाला.

मुरारीने नट पुरता काढून खाली टाकला आणि दांड्याच्या उघड्या तोंडावर घण हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला आटे चेपून त्याचं बोंड झालं. जॉइंट जागचा हलला नव्हता.

"मेल्या, काय केलंस?" भिकू ओरडला. "माज्या गाडीचा जीव घेतलास! आता काय वहिनीच्या जात्याचा खुंटा लावू चाकाला?"

मुरारी घाम पुसत उभा राहिला. "मला नाय जमायचं हे, दादा," तो महिपतीला म्हणाला. "माजा हात जड हाय. गिरनीतल्या साच्यावरचा मानूस मी."

महिपतीने सुस्कारा सोडला. हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. "काय करनार? तुज्यासारखा हात सगळ्यांनाच कुठनं असनार?"

पुन्हा कौतुकच.

हैबतीने भिकूला शेगडीपाशी बसवलं, खेकडा उचलला आणि जॉइंट काढला. मग वाइसच्या जबड्यात धरून त्याचे आटे एकेक करून कानशीने कोरायला घेतले. तो दिवसभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चाललं. कानस पुढे, कानस मागे. त्या दीड दिवसात तो थबकलेला हात त्याच्या डोळ्यांपुढून गेला नाही. नट चढला, तो सुटू नये म्हणून आडवी पिन बसली, भिकू गाडी घेऊन गेला. महिपती त्याच दिवशी मुंबईला गेला. उस्तादाला कळवू का म्हणून जाताना त्याने विचारलं. हैबती म्हणाला, "माजं मी कळवतो."

तिसऱ्या प्रहरी दोघे भाऊ चढण चढू लागले. पेटी मुरारीने घेतली होती. अर्ध्या वाटेवर ओझं टेकायचा एक सपाट दगड आहे. मुरारीने पेटी टेकली. खाली दरीत सावित्री चकाकत होती, आणि घाटाच्या वळणावर भिकूची पिकअप किड्यासारखी सरकत होती. मागे माणसं उभी होती, दहाबारा तरी.

"मी बघितलं व्हतं," हैबती म्हणाला.

"काय?"

"महाडवरनं लवकर आलतो त्या दिशी. दोनदा काढलास. शीळ घालीत."

मुरारीचे कान लाल झाले. त्याने नजर दरीकडे वळवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुला जमत व्हतं म्हनून दादानं तुला ठेवला. मी तिथंच बसलो व्हतो ओटीवर. मी वीस वर्सांचा व्हतो, पन मला कळलं. ज्याला जमतं त्याला ठेवतात."

हैबतीला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. सहा वर्षांपूर्वी आपणही म्हणायला हवं होतं, की दादा, मला काय येतं? नुसता पाना पुसायला येतो. एवढं सोपं होतं. आपल्याला ते सुचलं नाही, कारण कौतुक गोड लागलं होतं.

"दादाला सांगशील?" मुरारीने विचारलं.

खाली पिकअप वळणाआड गेली. हैबती ती पुन्हा दिसायची वाट बघत राहिला. आता हे मुरारीच्या डोक्यावर थोपलं, तर तो करील. जमतंच त्याला. पण मनात मुंबई ठेवून करील. दार न लावता. आणि ते कसं असतं हे हैबतीइतकं कुणाला ठाऊक होतं?

"नाय सांगत," तो म्हणाला. "तू जा. पन गिरनीत नको. उस्तादाकडं जा. माजी चिठ्ठी घेऊन. हेड मेस्त्री तो दुसरा बघील, पन तुला ठेवील. तिकडं तुजा हात दाखव. तिकडं चुकायची गरज नाय."

हैबतीने पेटीचं झाकण थोपटलं.

"आनि खेकडा ने. त्याचा हाय, त्याला दे."

"मंग तू काय वापरशील?"

"दोन हातोडे हायत," हैबती म्हणाला आणि पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

एक तारखेच्या आधी दोन दिवस मुरारी यष्टीत बसला. खेकडा गोणपाटात गुंडाळून मांडीवर. ठमाबाईने तांदळाचे लाडू दिले आणि रडून घेतलं. हैबती नाक्यावर, गाडी नजरेआड होईपर्यंत उभा होता. मग शेडमध्ये येऊन त्याने पेटी उघडली. खेकड्याची जागा रिकामी होती. तिच्यात काय ठेवावं ते त्याला सुचेना. झाकण लावलं.

पौषात ठेकेदाराची दुसरी गाडी आली. उजवा जॉइंट झिजला होता; बदली जॉइंट ठेकेदाराने कुठून तरी मिळवून पाठवला होता. हैबतीने नट सैल केला, दोन आटे ठेवले, आणि जड हातोडा हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं. भिकू आणि गाडीचा ड्रायव्हर उभे होते. भिकूला त्याने हातोडा धरायला दिला आणि मारायला हात उचलला, तोच भिकूने डोळे गच्च मिटले आणि हातोडा मागे घेतला. "मेस्त्री, माजी बोटं..." दुसऱ्याचं तर त्याहून वाईट. तो आधीच ओरडला.

तुळसा भाकरीचं फडकं घेऊन गोणपाटापाशी उभी होती. सगळं बघत होती.

"सरा," ती म्हणाली. पदर खोचून ती खाली बसली. "कुठं धरू? खुंट्यावर नाय ना?"

"नाय. या अंगाला. हातोडा मागं घ्यायचा नाय. काय झालं तरी."

"मागं घ्यायची सवय मला नाय," तुळसा म्हणाली. "तुमी मारा."

पहिला घाव बसला. तिचा हातोडा तसूभर हलला नाही. दुसरा. तिसऱ्याला लोखंड आतून हबकल्यासारखं वाजलं आणि दांडा खाली घसरला, नटाच्या दोन आट्यांवर लटकत राहिला.

"एवढंच?" तुळसा म्हणाली.

भिकू मोठ्याने हसला. हैबतीला हसू आलं नाही, पण तो बायकोकडे पुष्कळ वेळ बघत राहिला, जणू ती आताच कुठून तरी आली होती. तिने हातोडा पुसून गोणपाटावर ठेवला. त्याच्यावर दोन ठिपके होते.

"आता ही पेटी रोज वर न्यायची थांबवा," ती फडकं सोडत म्हणाली. "खांदा बघा कसा झालाय. दार कधी लावताय?"

हैबतीने जॉइंट बसवला, पिन वाकवली, गाडी रवाना केली, भाकरी खाल्ली. तुळसा वर गेली. मग त्याने हातोडा उचलला आणि लोंबणारं गोणपाट बाजूला सारून हातोड्याच्या दांड्याने शेडचं तोंड मापायला सुरुवात केली. रस्त्यावरून मुंबईची यष्टी गेली, धुरळा आत आला. त्याने वर पाहिलं नाही, मोजणी चुकली असती.

सात दांडे भरले, आणि वर चार बोटं.